तुरळक ठिकाणी, पहाटे, दर सोमवारी

तीर्थस्वरूप बद्रीनाथ दाजी यांच्या पायाशी,

सुंदररावचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा, डोकं तुमच्या पायावर आणि एक डोळा आभाळाकडं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही सगळे वाळत घातल्यासारखे खुशाल आहोत. तिकडं तुम्ही, सत्यभामाअक्का आणि लेकरं गारव्याला असाल अशी आशा करतो. अक्काचे गुडघे काय म्हणतात? मागच्या दिवाळीला ती माहेरी आलती तेव्हा संध्याकाळी तिचे गुडघे धरले आणि जेवणं व्हायच्या आत पाऊस आला. तुमच्या कंपनीनं त्या दिवशी ‘आकाश निरभ्र राहील’ असं कळवलं होतं. (हा टोमणा नाही. टोमणे पुढं आहेत.)

पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. आजच्या काळात पत्र कोण लिहितं? ज्याचा फोन घरचा जावई उचलत नाही, तो लिहितो. मी फोन केला की अक्का म्हणती मीटिंग चालू हाय. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, काल तर पाठीमागं फोडणीचा आवाज येत होता तरी मीटिंगच. म्हणून हे पत्र ट्रॅव्हल्सच्या क्लीनरच्या हाती देतोय. तो तुमच्या हातातच देईल आणि तुम्ही वाचेपर्यंत दारातून हलणार नाही, तसं त्याला बजावलंय. चहा पाजा, पोरगं चांगलं आहे.

आधी हवामान. तुमच्याच भाषेत सांगतो, म्हणजे तुम्हाला लवकर समजेल. आमच्या भागात सध्या आकाश निरभ्र, वारा बहुतांशी बंद, घाम सर्वदूर आणि तुरळक ठिकाणी भांडणं, अशी परिस्थिती आहे. पोळ्याला शिंतोडे पडले ते शेवटचे. पंचांगात हस्त नक्षत्राचं वाहन म्हैस दिलं होतं, म्हणजे धो धो पाऊस. म्हैस काही आली नाही, बहुतेक वाटेत तिलाच पाणी मिळालं नसावं. चित्राही कोरडी गेली. आता स्वाती लागतेय, आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ म्हणत ज्वारीचं बियाणं घराघरात पोत्यात बसून आहे. कोजागिरीला दूध आटवायला बसलो तर दुधाच्या आधी आटवणारा आटला. कपिलधारला गेलतो, तर तिथली धार करंगळीएवढी. पुजारी मला म्हणाला, चेअरमन, दर्शन पोटभर घ्या, पण तीर्थ मागू नका.

आता मूळ मुद्दा, आणि मुद्द्याचं मूळ तुम्ही आहात. श्रावणात तुम्ही तुमच्या त्या ‘आभाळदूत’ कंपनीचं पाऊस मोजायचं यंत्र आपल्या गावाला आणलंत. सासुरवाडीसाठी जावयानं एवढं केलं म्हणून मला भरून आलतं. कुठं बसवायचं यावर तात्याबाचा आणि माझा वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेलच. (तात्याबा म्हणजे माझ्याविरुद्ध सोसायटीच्या चेअरमनकीला तीनदा पडलेला गृहस्थ. चौथ्यांदा पडायची तयारी चालू आहे.) त्याला ते त्याच्या गल्लीत मारुतीच्या पाराशी हवं होतं. मी म्हटलं, जावई आमचा, यंत्र आमचं, ते आमच्या महादेवाच्या देवळापुढं बसणार. नंदीच्या पाठीमागं जागा मोकळी होती, तिथं गोल ओटा बांधला, फरशी बसवली, भोवती कठडा केला, कठड्यावर माझ्या नावाची पाटी लावली. तुमच्या माणसानं त्यावर तो गोल, गुळगुळीत डबा बसवला, वर नरसाळं. तुम्ही फेटा बांधून आलात. नारळ फोडला, हार घातला, पाच सवाष्णींनी डब्याला हळदकुंकू वाहून ओवाळलं. आणि मग तुम्ही भाषण केलंत. तुमचं ते वाक्य गावाला अजून पाठ आहे: या यंत्रात पडलेला थेंब अन् थेंब त्याच क्षणी पुण्याला कळतो! टाळ्या लई पडल्या. पहिली टाळी माझी होती, ती मला किती महागात पडली ते आता ऐका.

दुष्काळ वाईट, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण दाजी, दुष्काळ पडणं वेगळं आणि दुष्काळ जाहीर होणं वेगळं. पडतो तो सगळ्यांवर सारखा पडतो. जाहीर होतो तो सरकारी यादीत नाव येईल त्या महसूल मंडळात. पडलेला दुष्काळ माणसाला मोडतो आणि जाहीर झालेला दुष्काळ माणसाला उभा करतो. माझंच बघा, मागच्या दुष्काळात जनावरांची चारा छावणी चालवली, त्याच्या आधी मी फटफटीवर होतो. तात्याबा गावभर सांगत फिरतो की त्या छावणीत दावणीला होती त्याच्यापेक्षा जास्त जनावरं कागदावर होती. अहो, जनावरं काय मोजायला सावधानमध्ये उभी राहतात? हलतात. एखादं दोनदा मोजलं जातं. एखादं बऱ्याचदा. तर यंदाही दिवाळीच्या आधी दुष्काळी मंडळांची यादी निघणार, त्यात आपलं मंडळ येणार, छावणी मंजूर होणार, असं सगळं डोळ्यासमोर स्पष्ट दिसत होतं. मी सभा घेऊन जाहीर करून टाकलं. फ्लेक्स छापून घेतला: ‘मुक्या जिवांचा कैवारी’, खाली मी हात जोडून, माझ्या मागं एक गाय. (गाय लहान दिसते, ती छापणाऱ्याची चूक.)

आता दुसरी बाजू. आपली भिवराकाकू. धाकट्या चुलत्यामागं तिनं अभिमन्यूला एकटीनं वाढवलं, हे तुम्ही जाणताच. तिला यादीचं, मंडळाचं काही देणंघेणं नाही. तिला पाऊस पाहिजे. पाऊस पडला तर अभिमन्यू त्याच्या तुकड्यात ज्वारी पेरणार आणि घरी राहणार. नाही पडला तर तो आणि त्याची बायको मनिषा कोयते घेऊन टोळीबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जाणार, आणि काकू उन्हाळा लागेपर्यंत एकटी दाराच्या चौकटीला टेकून बसणार. मुकादमाचा ट्रॅक्टर दिवाळीच्या तोंडावर निघणार होता आणि तोपर्यंत सांग म्हणून त्यानं अभिमन्यूला मुदत दिलती. म्हणजे एकाच भावकीत एका दारात पावसासाठी नवस आणि शेजारच्या दारात पाऊस न पडण्यासाठी. देवाची अडचण मी समजू शकतो.

यंत्राला मात्र कसलीच अडचण नव्हती. घटस्थापना झाली आणि रोज संध्याकाळी फोनवर हवामान सांगणारा तुमचा जो आवाज येतो, त्यातून नवल बाहेर पडायला लागलं. ‘मराठवाड्यात हवामान कोरडे व उष्ण राहील, मात्र बालाघाटच्या कुशीत तुरळक ठिकाणी पहाटे हलक्या ते मध्यम सरींची नोंद झाली आहे.’ आम्ही म्हटलं, असेल धारूरच्या बाजूला. धारूरचे लोक म्हणाले, असेल तुमच्याकडं. तुरळक ठिकाण कुठंय ते शोधायला माणसं पारावर बसून एकमेकांच्या धोतराचा ओलावा तपासायला लागली. पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्या मंडळाचं नाव घेऊनच सांगितलंत, शिवाय ‘या भागात आठवड्याच्या सुरुवातीला पावसाचा जोर वाढतो, असे निरीक्षण आहे’ हेही. मग एका संध्याकाळी सरी आल्या, त्याला तुम्ही पश्चिमी झंजावाताचा प्रभाव म्हणालात. दाजी, इथं पश्चिमेला तात्याबाचा गोठा आहे. तिथून झंजावात येतो, पण तो वेगळा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुमचा आवाज फक्त आपल्याच गावात थोडाच ऐकतात! कडा गावचे आमचे साडू आश्रुबा, त्यांनी फोन केला. म्हणाले, पाहुणे, नशीबवान आहात, तुमच्याकडं रोज पाऊस, म्हणजे बांधाबांधाला गवत असणार. मी नाही म्हणायच्या आत टेम्पो निघालता. सहा म्हशी, चार बैल आणि एक वळू माझ्या दारात उतरवून, चहा घेऊन, टेम्पो परत गेला. मला छावणी पाहिजे होती हे खरं, पण ती सरकारी खर्चानं पाहिजे होती. ही माझ्या कडब्यावर चालू झाली. वळूनं तर पहिल्याच दिवशी ‘मुक्या जिवांचा कैवारी’चा कोपरा चावला. त्यात आणखी, गावाला पाण्याचा टँकर येत होता तो बंद. विचारलं तर सांगितलं, तुमच्या मंडळात रोज पाऊस आहे, टँकर कोरड्या गावांना चाललाय. ज्या गावांना चाललाय त्यांच्या विहिरीत आमच्यापेक्षा हातभर जास्त पाणी! पण त्यांच्याकडं जावयानं यंत्र दिलेलं नाही.

तेव्हा मी तहसीलला गेलो. जाताना आपल्या रानातला फुफाटा मूठभर घेतला, पेपरच्या पुडीत बांधला, खिशात ठेवला. पुरावा पाहिजे ना! साहेबांच्या टेबलावर पुडी सोडली. साहेबांनी हात पुढं केला आणि विचारलं, कुठल्या देवाचा अंगारा? मी म्हटलं, साहेब, ही आमच्या गावची जमीन आहे, हिच्यावर महिना झाला थेंब नाही. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. त्यात तुमच्या कंपनीचे आकडे, रोज पहाटे एक उभी रेघ, दर सोमवारी रेघ छपराला टेकलेली. एका सोमवारी तर अतिवृष्टी. मी म्हटलं, साहेब, ढगाला वार कळतो का? ते म्हणाले, ते मला माहीत नाही, पण यंत्र कुणाचं पाव्हणं नसतं, ते खोटं बोलत नाही. (यंत्र माझंच पाव्हणं आहे, हे त्यांना कसं सांगू?) मी म्हटलं, निदान येऊन जमीन तरी बघा. त्यावर ते जे बोलले ते मी पाठ केलंय: पाऊस झालेला असताना तुमची जमीन कोरडी राहिली, याला शासन जबाबदार नाही. मी पुडी बांधून परत खिशात घातली आणि गुमान घरी आलो.

मग तुमच्या कंपनीनं ती पोरगी पाठवली, वर्षाराणी. (नाव ऐकून अर्धं गाव तिच्या पाया पडायला आलतं.) पोरगी हुशार, लाघवी, पण डोक्यात काय घेऊन आली होती देव जाणे. म्हणे काका, तुमच्या गावाचं स्वतःचं वेगळं हवामान आहे, जगात असं कुठं नाही, यावर मी मोठा अभ्यास लिहिणार. मी म्हटलं, बाई, गावाचं सगळंच वेगळं आहे, तू हवामानापासून सुरुवात कर. तिनं पहाटे देवळाच्या पायरीवर कॉम्प्युटर घेऊन बसायचं ठरवलं आणि मलाही उठवलं. मी पहाट शेवटची बघितली ती माझ्या लग्नात. पण म्हटलं, आज ढग दिसला तर पुराव्याला चेअरमन पाहिजे.

बसलो. आभाळ कसं, आरशासारखं. एक चिमूटभर ढग नाही. वर्षाराणी वर बघतेय, मी वर बघतोय, नंदी आपला समोर बघतोय. एवढ्यात खालून पावलांचा आवाज. बघतो तर डोक्यावर पदर, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात बेलाची पानं, भिवराकाकू! आधी देवळात गेली, महादेवाला अर्धा तांब्या घातला. बाहेर आली, नंदीच्या कानाला हात लावला, कठड्याच्या आत शिरली आणि तुमच्या यंत्राच्या नरसाळ्यात उरलेला अर्धा तांब्या हळूहळू, धार धरून, ‘हर हर’ म्हणत रिकामा केला. इकडं पोरीच्या कॉम्प्युटरवर रेघ टुणकन वर! पोरीनं आभाळाकडं बघितलं, रेघेकडं बघितलं, काकूकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकूच्या मागं दुसरी बाई, तिच्या मागं तिसरी, दहा-बारा जणींची रांग, आणि प्रत्येकीच्या हातात तांब्या. सोमवार होता, दाजी! तुमचा आठवड्याच्या सुरुवातीचा जोर तो हाच. आणि पश्चिमी झंजावात म्हणजे प्रदोष. वर्षाराणीनं नंतर हिशोब करून मला सांगितलं की त्या नरसाळ्याचं तोंड एवढंसं आहे की भरला तांब्या नीट ओतला तर तुमच्या लेखी मुसळधार, आणि तीन बायका लागोपाठ आल्या की अतिवृष्टी. आपल्या गावात आजवर बायकांना एवढी सत्ता कुणी दिली नव्हती. रांगेत तिसरी कोण होती ते लिहायला हात धजत नाही, पण अक्काकडून कळेलच, म्हणून लिहितो: माझ्याच घरची कारभारीण, सत्यशीला. रोज मला म्हणायची, देवळात जाऊन येते. मी म्हणायचो, जा, माझ्या छावणीसाठी काहीतरी माग.

मी काकूवर खेकसलो. म्हटलं, काकू, हे यंत्र हाय, देव न्हाई! तर तिनं तांब्या खाली ठेवला आणि मलाच उलटतपासणी. नारळ कुणी फोडला? तू. हार कुणी घातला? जावयानं. हळदकुंकू सवाष्णींकडून कुणी वाहून घेतलं? तू. मग आता देव न्हाई म्हन्तोस, कावून? मी म्हटलं, अगं पण जुना महादेव आहे की, त्याला घाल काय घालायचं ते. त्यावर ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत देतो, कारण माझ्यानं ते सुधारलं जात नाही: “त्येला घालतेच की. पर त्येचं काय, त्यो कैलासावर बसल्याला, त्येला कवा कळावं! ह्यो लगेच पुण्याला कळवतो, जावईच बोललेत तसं. म्हनून मी रोज जरासं घालून दाखवते, नमुना. म्हंजी पुण्यावाल्यांना उमजंल, आमाला काय पायजे ते. आमाला असं पाणी पायजे, असं पातळ, असं गार. लई न्हाई. माझा अभिमन्यू घरी ऱ्हाईल एवढं.”

दाजी, खरं सांगतो, मी पंधरा वर्षं अर्ज लिहितोय, निवेदनं देतोय, शिष्टमंडळं नेतोय, पण नमुना जोडायचं मला कधी सुचलं नाही. वर्षाराणीला हसावं का रडावं कळेना. काकूनं तिला अंगारा लावला, हातात तांब्या दिला, म्हणाली, तू तर पुण्याचीच, तू घातलं तर लवकर पोचंल. आणि त्या शिकलेल्या पोरीनं, माझ्या डोळ्यांदेखत, घातला! वर स्वतःच्याच कॉम्प्युटरवर रेघ बघितली. मग सामान भरून सकाळच्या गाडीनं निघून गेली. तिचा मोठा अभ्यास कुठवर आला ते कळवा.

पण मला हसून चालणार नव्हतं. यादी डोक्यावर आलेली. एक तांब्या आणखी पडला की माझी छावणी वाहून जाणार. बायकांना सांगून बघितलं, ऐकेनात. कठड्याला कुलूप घातलं, काकू वरून हात घालायला लागली. शेवटी काय केलं, माझ्या रानात सोयाबीन काढून गंज लावलीय, तिच्यावरची मोठी निळी ताडपत्री काढून आणली आणि यंत्राला वरपासून खालपर्यंत गुंडाळून सुतळीनं आवळून टाकली. गंज उघडी पडली, पण त्याची काळजी नव्हती, कारण आदल्या संध्याकाळीच तुमचा आवाज आलता: पुढील पंधरवड्यात हवामान पूर्णतः कोरडे, पावसाची कोणतीही शक्यता नाही, शेतकरी बांधवांनी निश्चिंत राहावे. मी बांधवही आहे आणि मेव्हणाही. निश्चिंत राहिलो. काकू कठड्यापाशी उभी राहून बघत होती. पूर्वी पाऊस नाही पडला की गाव गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाला कोंडायचं, तो गुदमरून पाऊस पाडायचा, हे तुम्हाला माहीत आहे. ती तेवढंच म्हणाली, आमी देवाला पाण्यात कोंडायचो, तू कोरडाच कोंडलास, आता बघ. बोलली आणि गेली. तिचा अभिमन्यू तेव्हा घरात कोयत्याला धार लावत बसलता. तो आवाज मला माझ्या ओसरीवर ऐकू येत होता. मी रेडिओ लावला.

तर दाजी, विनंती एवढीच. घटस्थापनेपासून तुमच्याकडं नोंदलेला सगळा पाऊस तांब्याचा होता, ढगाचा नव्हता, असा एक कागद कंपनीच्या शिक्क्यानिशी यादी निघायच्या आत तहसीलला पाठवा. जावई म्हणून एवढं करा. आपलं गाव कोरडं आहे, कोरडं होतं, आणि तुमच्या माझ्या आशीर्वादानं कोरडंच राहील, हे सरकारला ठासून सांगा. अक्काला नमस्कार, लेकरांना गोड पापा. तिला म्हणावं दिवाळीला ये, पण येताना पाणी घेऊन ये.

आपला कृपाभिलाषी,
सुंदरराव

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि क्लीनरची वाट बघत बसलो, पण ट्रॅव्हल्स आली नाही. घाट बंद झालाय. का बंद झालाय ते सांगतो. स्वाती लागली त्याच दिवशी दुपारी काळंभोर भरून आलं आणि असा पाऊस कोसळला की म्हैस, बेडूक, हत्ती, पंचांगातली सगळी वाहनं एकदम आल्यासारखी. ओढा फुटून वाहिला. आश्रुबांच्या म्हशी आनंदानं ओरडत होत्या. माझी सोयाबीनची गंज उघड्यावर, आणि गावातली सगळ्यात मोठी ताडपत्री यंत्रावर! वर्षाचं पीक डोळ्यासमोर भिजलं दाजी, आणि मी छत्री घेऊन तिच्यावर धरून उभा होतो. छत्री एक, गंज ट्रॅक्टरभर. सत्यशीलेनं धावत जाऊन मिळेल ते आणलं, मिळाला तो ‘मुक्या जिवांचा कैवारी’. तो आता गंजीवर पसरलाय, तोंड वर करून. पावसात हात जोडून मी रात्रंदिवस पडून असतो. तात्याबा मुद्दाम त्या वाटेनं जातो.

ता. क. दुसरा. पत्रातली वरची विनंती रद्द समजावी. यादी निघाली. आपलं मंडळ दुष्काळी जाहीर झालं. ताडपत्री बांधल्यापासून तुमच्याकडं शून्य पाऊस दिसत होता, आणि वर्षाराणीनं आधीचे आकडे खोडून काढले, असं कळलं. ज्या दिवशी गाव गुडघाभर पाण्यात होतं त्या दिवशी आपण अधिकृतपणे कोरडे झालो. छावणी मंजूर आहे, पण जनावर एक येत नाही, सगळीकडं हिरवं फुटलंय. आश्रुबांनी म्हशी परत नेल्या, वळू ठेवून गेलेत. भिजलेल्या सोयाबीनचा पंचनामा करा म्हणून मी परत तहसीलला गेलो. साहेबांनी कॉम्प्युटर वळवला. म्हणाले, पाऊस झालेलाच नसताना तुमचं सोयाबीन भिजलं, याला शासन जबाबदार नाही. माझ्या अंगावरून पाणी त्यांच्या फरशीवर गळत होतं. तेही त्यांनी नोंदवलं नाही.

ता. क. तिसरा. मुकादमाचा ट्रॅक्टर टोळी घेऊन गेला. अभिमन्यू आणि मनिषा गेले नाहीत. कोयते आढ्याला अडकवलेत, वापसा आला, म्हणजे रानातला चिखल जरा सुकला, की पेरणी. भिवराकाकू साखर घेऊन आलती, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, बघ, पोचला का न्हाई नमुना! मी साखर खाल्ली. लबाडी कशाला करू, गोड लागली. इतक्या वर्षांच्या राजकारणात एक माणूस गावात थांबवणं मला जमलं नाही, ते तिनं अर्ध्या तांब्यात केलं.

ता. क. शेवटचा, आणि हाच खरा, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. पाऊस थांबत नाही. आज आठवा दिवस. वापसा येईना, पेरणी खोळंबली, माझं सोयाबीन गंजीतच उगवायला लागलंय. काल काकू म्हणाली, आता पुरं म्हनून सांगाया पायजे, आणि ते तूच सांग, तुझं पुण्यावाले ऐकत्यात. मी तिला हसून उडवून लावलं. दाजी, हे अक्काला सांगू नका, तात्याबाला तर अजिबात नको. आज सकाळी, कुणी उठायच्या आत, मी देवळापुढं गेलो, ताडपत्री सोडली, नंदीच्या कानाला हात लावला, आणि तहसीलला दाखवायला नेलेली ती फुफाट्याची पुडी यंत्रात रिकामी केली. नमुना म्हणून. तुमच्याकडं पोचली का, तेवढं फोन उचलून सांगा.